दुसऱ्यांदा छाती उघडताना

"लहानपणी ऑपरेशन झालंय, आता सगळं ठीक आहे," असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले, आणि मनापासून मानतही आले.

जन्मतःच मला फॅलोची टेट्रालॉजी होती, म्हणजे हृदयात एकत्र आलेले चार दोष. रडले की ओठ निळे पडायचे. 3 वर्षांची असताना हृदयाच्या पडद्यातलं भोक बुजवलं आणि फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट पॅच लावून रुंद केली. ती रुंद करताना तिथला व्हॉल्व्ह मात्र गेला. बाळाचा जीव वाचवायचा तर ते करावंच लागतं, हे आता कळतं. पण तेव्हाच्या कागदांवर जेमतेम अर्धं पान मजकूर होता आणि पुढे दर वर्षी दाखवायला या, असं आई-बाबांना कुणी बजावलं नव्हतं. त्याचा राग अजून आहे.

व्हॉल्व्ह नसला की फुप्फुसाकडे गेलेलं रक्त दर ठोक्याला थोडं मागे येतं आणि उजवा कप्पा हळूहळू ताणत जातो. त्रास जाणवेपर्यंत वर्षं जातात. 26 व्या वर्षी जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा एमआरआय झाला. कप्प्याचं आकारमान शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे 168 मिली भरलं. 160 च्या आसपास गेलं की व्हॉल्व्ह बसवायचा विचार करतात, कारण त्यापुढे कप्पा पुन्हा नीट आकसेलच याचा भरवसा राहत नाही.

कॅथेटरने, म्हणजे मांडीतल्या शिरेतून सरकवलेल्या बारीक नळीने व्हॉल्व्ह बसवता आला असता तर किती बरं झालं असतं! पण माझी पॅचची जागा इतकी रुंद होती की उपलब्ध व्हॉल्व्ह तिथे टिकून बसला नसता.

मग कोणता, यावर तीन भेटी झाल्या. कार्बनचा यांत्रिक व्हॉल्व्ह झिजत नाही, पण त्याला जन्मभर वॉर्फरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्या आयएनआरच्या तपासण्या लागतात. उजवीकडे दाब कमी, त्यामुळे गुठळीची भीती जास्त. शिवाय मला मूल हवं होतं आणि वॉर्फरिन गर्भाला घातक ठरू शकतं. गाय-डुकराच्या ऊतींचा व्हॉल्व्ह या कटकटीशिवाय चालतो, मात्र तरुण शरीरात त्यावर कॅल्शियम लवकर साचतं. तिसरा पर्याय कृत्रिम पात्यांचा, ताणलेल्या पीटीएफईचा. नॉन-स्टिक भांड्यांना लावतात तेच रसायन, फक्त ताणून त्याचा 0.1 मिमीचा सच्छिद्र पापुद्रा केलेला. छिद्रं इतकी बारीक असतात की पेशी सहसा आत शिरत नाहीत आणि पाती लवकर कडक होत नाहीत. सर्जन स्वतः त्याची तीन पाती नळीत शिवतात.

"यातला कोणताच तुम्हाला जन्मभर पुरेल असं मी म्हणणार नाही," सर्जन म्हणाले. "पुढचा व्हॉल्व्ह कसा बसवता येईल, तेही आपण आजच ठरवतोय. आता मोठी नळी बसली, तर पुढच्या वेळी तिच्या आतच कॅथेटरने नवा व्हॉल्व्ह टाकण्याची शक्यता राहते."

या बोलण्यानंतर माझा निर्णय झाला. पीटीएफई.

ऑपरेशनआधी सीटी झाला, तो जुन्या व्रणामुळे हृदय छातीच्या हाडाला किती चिकटलंय ते पाहायला. करवत तिथूनच चालणार होती. ती रात्र मी झोपले नाही.

ऑपरेशनचं मला काहीच आठवत नाही. त्यानंतरचा खोकला मात्र विसरणार नाही. उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं, तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. छातीत साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, म्हणजे ड्रेन, निघाल्यावर पहिल्यांदा नीट श्वास घेतला. हाड जुळेपर्यंत काही आठवडे जड उचलायचं नाही, इतकंच पथ्य. गोळी फक्त अॅस्पिरिनची.

सहा महिन्यांनी एमआरआयमध्ये आकडा 112 आला. जिने चढते आता, न थांबता. दातांच्या डॉक्टरांना आधीच सांगते, कारण हिरड्यांचं काम असलं तर मला तासभर आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं. ते चुकलं तर व्हॉल्व्हवर जंतू बसू शकतात.

डिस्चार्जच्या दिवशी मी ऑपरेशनची पूर्ण नोंद मागून घेतली. 24 मिमी नळी, पीटीएफई, तीन पाती, तारीख. एक प्रत आईच्या कपाटात आहे, एक माझ्या पर्समध्ये आणि फोटो फोनमध्ये. पुढचा व्हॉल्व्ह बसवणाऱ्या डॉक्टरांना सगळ्यात आधी तो 24 हा आकडा लागणार आहे.