चांदीच्या साजाला ९२५ चा हॉलमार्क मिळवताना

कोल्हापुरात आम्ही तिघं मिळून एक वर्कशॉप चालवतो, मी पत्र्याचं आणि घडवायचं काम करते, हुपरीचे दादा तार, कड्या आणि डाक (जोड सांधायला वितळवायची कमी चांदीची मिश्र धातू) लावायचं बघतात आणि ताई साज गाठवतात. भाडं, गॅस, पॉलिशचं मशीन सगळं तिघांत, चांदी मात्र ज्याची त्याची, वजन वहीत लिहून.

चांदीला हॉलमार्क (शुद्धतेचा शिक्का, ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग, ९२.५ टक्के चांदी) सक्तीचा नाही तरी आम्ही घ्यायचं ठरवलं कारण ऑनलाइन गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक नगाचा वेगळा नंबर, मिळायला लागलाय, तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) केअर ॲपवर टाकला की हॉलमार्क खरा का ते बघणाऱ्याला लगेच कळतं. नोंदणी एका नावावर आणि एकाच जागेपुरती होते, म्हणून आधी भागीदारीचा करारनामा, मग फर्मचं पॅन, जीएसटी, आणि मग मानक ऑनलाइन या बीआयएसच्या पोर्टलवर अर्ज. वेळ गेला पण अडलं काही नाही.

अडलं ते हॉलमार्किंग केंद्रात माल तपासायला दिल्यावर.

पहिल्या लॉटमध्ये साजाचे नग दिले होते. एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरणांनी धातू तपासणारं) ९२५ च्या वर आकडा आला, आम्ही खूश, आणि दोन दिवसांनी फोन, एक नग आटवून रासायनिक तपासणी केली तर ९०८, अख्खा लॉट परत. (मशीन फक्त वरचा थर वाचतं, आणि डाक लावल्यावर माल तेजाबात (ॲसिडात) टाकला की वरचं तांबं निघून जातं, त्यामुळं वर चांदी जास्त दिसते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.)

त्या संध्याकाळी वर्कशॉपमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही. चांदी तिघांची वेगवेगळी ना, मग कमी कोणाची? माझ्या मनात दादांच्या तारेबद्दल शंका आली, खरं सांगते, आणि त्यांना ती कळली पण. ते मला एवढंच म्हणाले, "ताई, माझी तार आटवा आणि तपासा." तपासली, ९२५ भरली. माझा पत्रा पण भरला.

मग डाक राहिली. साजाचे जवमणी पोकळ असतात, दोन पातळ वाट्या डाकेनं जोडलेल्या, वर २१ पानांच्या कड्या, प्रत्येक कडीला डाक. आमची डाक ६५ टक्के चांदीची होती, लवकर वितळते म्हणून आणलेली. दादांनी वहीत हिशोब मांडला, १०० ग्रॅम मालात ६ ग्रॅम डाक धरली तर ९४ ग्रॅम चांदी ९२.५ ची आणि ६ ग्रॅम ६५ ची, सगळं मिळून ९०.८५ होतं! रिपोर्टातला आकडा जवळजवळ तोच. आणि डाक एवढी लागत होती त्याला कारण माझा पत्रा, वजन हलकं ठेवायला मी तो फार पातळ ओढत होते, कडा नीट जुळायच्या नाहीत मग फट डाकेनं भरायची. दादांची माफी मागितली, त्याच रात्री.

आता चांदी ९३.५ टक्क्यांची करून घेतो, डाक ७५ टक्क्यांची वापरतो, तिला ताव जास्त लागतो आणि पातळ वाटी जळायची भीती असते म्हणून पत्रा थोडा जाड ठेवलाय आणि वाटीच्या कडा मी कानशीवर घासून, उजेडासमोर धरून बघते, मधून उजेड दिसला तर परत घासायची. डाक ३ ग्रॅमवर आलीय. दुसऱ्या वेळी रिपोर्ट ९२९, लॉट पास. साज थोडा जड झालाय आणि किंमत वाढलीय, पण मला तो असाच बरा वाटतो, गळ्यात नीट बसतो.

अजून एक सांगायचं राहिलं, मोड. आधी आम्ही तुटलेला माल, कड्या, कानशीचा कीस सगळं पुन्हा आटणीत टाकायचो, त्यातनंही डाक आत जायची. आता तिघांच्या मोडीचे तीन डबे आणि डाक लागलेल्याचा चौथा वेगळा, त्याला ताईंनी लाल पट्टी लावलीय, तो फक्त शुद्ध करायला पाठवायचा.