आधी उलटी बाजू दाखवा

भरतकाम हातात आलं की पहिल्यांदा ते उलटं करून बघायचं, ही खोड काही केल्या जात नाही. समोरून कौतुक नंतर, आधी पाठ. गाठी किती आहेत, दोरा कुठून कुठे ओढत नेलाय, लाल नक्षीमागून काळ्या दोऱ्याची तंगडी डोकावतेय का. एरवी हा आगाऊपणाच. पण तत्रीझचा, म्हणजे पॅलेस्टाईनच्या भरतकामाचा, तुकडा समोर आला, तर बेलाशक उलटा करावा. तिथल्या जाणत्या बायकाही आधी तेच करतात, कारण चांगल्या कामाची पाठ पोटाइतकीच नेटकी असली पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा असते.

टाका आपल्या ओळखीचाच, मॅटीवर घालतात तो फुलीचा. ओळीतल्या सगळ्या अर्ध्या फुल्या एका दिशेने घालत जायच्या आणि उरलेल्या अर्ध्या परत येताना. असं केलं की मागे नुसत्या छोट्या उभ्या रेघा उमटतात. वरचा पाय सगळ्या फुल्यांत एकाच बाजूला झुकलेला हवा. एखादीचा उलटा पडला तर तिच्यावर उजेड वेगळा पडतो आणि नेमकी तीच लांबून दिसते. दोरा 45 सेंटीमीटरच्या आसपास घ्यावा. पुन्हा पुन्हा ओवण्याचा आळस करून भलताच लांब घेतला, तर शेवटच्या फुल्यांपर्यंत त्याची चकाकी गेलेली असते आणि लव सुटते. गाठ मारायची नाही, शेपूट पहिल्या चार-पाच टाक्यांखाली दाबून टाकायचं. आणि एका फुलावरून लांबच्या दुसऱ्या फुलावर दोऱ्याने उडी मारायची नाही. तिथे कातर लावायची, मग कितीही जिवावर येवो.

खरं काम सुईचं नाहीच, मोजणीचं आहे. कापडावर काही छापलेलं नसतं. थोब म्हणजे तिथल्या बायकांचा पायघोळ झगा. त्याच्या छातीवरच्या पट्टीला कब्बे म्हणतात. समजा ती 12 इंच रुंद आहे आणि कापडाला इंचात 14 घरं आहेत. म्हणजे 168 घरं झाली. 23 फुल्यांचं एक फूल आणि मधे एका फुलीची फट धरली, तर सात फुलं 167 घरांत बसतात, एक घर उरतं. ते शिवणीत जाऊ द्यावं. सुरुवात मात्र मधल्या फुलाच्या मधल्या फुलीपासूनच करावी, म्हणजे मापात थोडा फरक पडला तरी तो दोन्ही कडांना सारखा वाटला जातो. डाव्या कडेने सुरुवात करून एक घर चुकलं, तर ते कळतं थेट शेवटच्या कोपऱ्यात, किनार किनारीला मिळत नाही तेव्हा. तिथे एखादी फुली कोंबून वेळ मारून नेणारेही असतात. दिसतं ते.

कापडाचे धागे मोजता येण्याजोगे नसतील, मखमल किंवा सॅटिन असेल, तर त्यावर खळ दिलेला जाळीदार कॅनव्हास कच्च्या टाक्यांनी बसवायचा, त्याच्या घरांवरून फुल्या घालायच्या आणि शेवटी तो धागा धागा ओढून काढायचा. इथे बोथट सुई चालत नाही, खालचं कापड भेदावं लागतं. पण तीच टोकदार सुई कॅनव्हासच्या धाग्यातून आरपार गेली, तर तो धागा पुढे निघता निघत नाही. काढण्याआधी ओल्या फडक्याने खळ मऊ करावी. आधी आखूड बाजूचे धागे, चिमट्याने, कापडाला चिकटून आडवे ओढायचे. वर उचलून ओढले की फुल्याच उचकटतात. कॅनव्हास गेला की टाके जरा सैलावतात, म्हणून घालतानाच ते थोडे ताठ ठेवायचे.

आकृत्यांची नावं मोठी गमतीची. उंच सरूचं झाड, बेथलेहेमचा चंद्र, पाशाचे तंबू, म्हाताऱ्याचे दात. एकाच आकृतीला शेजारच्या गावात दुसरं नाव असू शकतं, त्यामुळे नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही. गाव ओळखायचं ते कापड, रंग आणि मांडणी बघून. रामल्लाचा पांढऱ्या लिननवर लाल रेशमाचा खजूर लांबूनही कळतो. बेथलेहेमचं तंत्रच निराळं. तिथे जरीची किंवा रेशमाची दोरी कापडावर वळवत ठेवायची आणि बारीक टाक्यांनी पकडायची, म्हणून तिथल्या रेषेला गोलाई येते. 1930च्या दशकात डीएमसी या फ्रेंच कंपनीचे सुती दोरे आणि नमुन्यांची पुस्तकं आली आणि गुलाब, पक्षी सर्रास भरले जाऊ लागले. फुल्यांमधून काढलेला गुलाब मला कधीच पटलेला नाही. पायऱ्यापायऱ्यांच्या पाकळ्या! पण बायकांना आवडला आणि टिकला, तेव्हा माझ्या मताला कोण विचारतो.

थोब विटला तरी कब्बे टाकून देत नसत. उसवून नव्या थोबावर लावत. म्हणून वेगळी पट्टी असेल तर कडेला बोटभर कापड राखावं, पुढच्या शिवणीला लागतं.

1948च्या युद्धात कित्येक गावंच रिकामी झाली. निर्वासितांच्या छावण्यांत निरनिराळ्या गावांच्या बायका शेजारी शेजारी बसून भरू लागल्या, नमुने एकमेकींत मिसळले आणि थोबावरून गाव सांगणं अवघड होत गेलं. मजदल या गावचे विणकर गाझात गेले आणि त्यांचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड तिथे विणलं जाऊ लागलं. 2021 मध्ये युनेस्कोने या कलेला वारसायादीत घेतलं, ते ठीकच.

पण 1987च्या इंतिफादातले, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या उठावातले, थोब बघावेत. व्याप्त भागात पॅलेस्टाईनचा झेंडा फडकवायला बंदी होती, तेव्हा बायकांनी तो छातीवर आणि घेरावर भरला. लाल, काळा, पांढरा, हिरवा, चारही रंगांच्या लडी घरात होत्याच. मोजायलाही सोपा, तीन आडवे पट्टे आणि एक त्रिकोण. त्रिकोणाला दर ओळीला एकेक फुली वाढवत मधल्या ओळीपर्यंत जायचं आणि तशीच एकेक कमी करत परत यायचं.