आमच्याकडे चित्रगुप्ताची वही आहे

३१ डिसेंबरला लोक पार्ट्या करतात, आमच्या कॉलनीतली आम्ही सात-आठ टाळकी नानांच्या गच्चीवर स्वेटर-मफलर घालून बसतो आणि पुढच्या वर्षी कोण कोण जाणार याची यादी करतो. जाणार म्हणजे वर. फक्त प्रसिद्ध माणसं हं, नट, गायक, पुढारी, क्रिकेटवाले, परदेशी राजे-राण्या वगैरे. नातेवाईक, शेजारी आणि सोसायटीचे अध्यक्ष चालत नाहीत (अध्यक्षांच्या नावाची मागणी पुष्कळदा आलीये, पण नाही म्हणजे नाही). प्रत्येकाने दहा नावं द्यायची, काकू ती एका जाड वहीत लिहितात आणि त्या वहीचं नाव चित्रगुप्त.

आमची ही म्हणते की हा विकृतपणा आहे. सासूबाईंचंही तेच मत आहे, फक्त त्या दर रविवारी न चुकता विचारतात की या आठवड्यात कोणी गेलं का म्हणून. आणि खरं सांगू का, इंदूरमध्ये अर्ध्या घरांत सकाळी पेपर आला की आधी उठावन्याचं, म्हणजे शोकसभांचं, पान उघडतात, कोण गेलं, किती वाजता, कुठल्या धर्मशाळेत, आणि मग देशाचं काय चाललंय ते. आम्ही तेच जरा पद्धतशीर करतो इतकंच.

बाहेरच्या देशांत याला डेड पूल म्हणतात, इंग्लंड-अमेरिकेत असे ग्रुप वर्षानुवर्षं चालू आहेत. मार्कांचा हिशोब सोपा, शंभरातून वय वजा करायचं, उरेल तेवढे मार्क. म्हणजे म्हातारं नाव टाकलं तर शक्यता जास्त पण मार्क कमी. नाना दर वर्षी पहिलं नाव दिलीपसाबचं टाकायचे, कारण दर वर्षी ते हॉस्पिटलात जायचे, दर वर्षी अफवा उठायची आणि दर वर्षी ते घरी परत यायचे. शेवटी ७ जुलै २०२१ ला गेले, वय ९८, नानांना मिळाले दोन मार्क. इतक्या वर्षांच्या निष्ठेचे दोन मार्क! अटलजींचं तसंच. २००९ मध्ये त्यांना स्ट्रोक आला, नंतर ते लोकांत दिसलेच नाहीत, त्यामुळे कोणी ना कोणी त्यांचं नाव टाकायचंच, आणि ते गेले १६ ऑगस्ट २०१८ ला, ९३ व्या वर्षी. सात मार्क, आणि ते ज्याला मिळाले त्याने त्या वर्षी नाव टाकलं होतं केवळ सवयीने.

नानांचा नातू सुपर कॉरिडॉरला आयटीत आहे, त्याने एकदा लॅपटॉपवर दाखवलं की असं का होतं. आयुर्मानाचे तक्ते असतात ना, विमावाले वापरतात ते, अमेरिकेच्या तक्त्यात नव्वदीच्या पुरुषाची पुढच्या वर्षभरात जाण्याची शक्यता साधारण सहात एक. म्हणजे नव्वदीच्या सहा जणांना तुम्ही यादीत बसवलं तर पाच जण आरामात पुढच्या ३१ डिसेंबरला चहा पिणार. आपल्याला वाटतं आता काय राहिलंय, पण म्हातारी माणसं चिवट असतात, आणि पैसेवाली, डॉक्टर दाराशी असलेली म्हातारी माणसं तर फारच चिवट असतात.

आधी वयाची अट नव्हती. तरुण नावाला मार्क जास्त, त्यामुळे नातू कंपनी हिशोब करून कुठलेतरी दारू-ड्रगवाले इंग्रजी गायक टाकायची. मग २०२१ च्या सप्टेंबरमध्ये सिद्धार्थ शुक्ला गेला, चाळीसचा होता, आणि ऑक्टोबरात तिकडे कन्नडमधला पुनीत राजकुमार गेला, ४६ चा. नावं कोणाच्याच यादीत नव्हती पण आमच्यातला एकजण बोलून गेला की यार एकाचे साठ आणि दुसऱ्याचे ५४ मिळाले असते, आणि काकूंनी वही बंद केली, पिशवीत टाकली आणि जिना उतरून निघून गेल्या. पुढच्या रविवारी आल्या त्या नियम घेऊनच. सत्तरीच्या खालचं नाव चालणार नाही, आणि ज्याचं नाव टाकाल त्याचं काहीतरी तुम्ही स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं किंवा वाचलेलं पाहिजे, आणि ते सगळ्यांसमोर सांगायचं. या दुसऱ्या नियमाने इंग्रजी गायक आपोआप साफ झाले.

पैसे लावत नाही आम्ही. नाना सगळी नोकरी एलआयसीत काढून रिटायर झालेत, आणि ते सांगतात की अठराव्या शतकात लंडनमध्ये लोक कोणाच्याही जिवावर पॉलिसी काढायचे, कुठला लॉर्ड आजारी आहे, कोणावर खटला चाललाय, फाशी होईल का, लाव पैसे. ज्याच्यावर पैसे लागलेत तो बिचारा पेपरात वाचतोय की आपला भाव काय चाललाय! शेवटी १७७४ मध्ये पार्लमेंटने कायदाच केला की ज्या जिवात तुमचं काही हित गुंतलेलं नाही त्याचा विमा काढता येणार नाही. त्यालाच विम्यात इन्शुरेबल इंटरेस्ट म्हणतात, आणि तो नियम आजही आहे. नाना म्हणतात, आपला कोणाच्या मरण्यात पैशाचा इंटरेस्ट नाही म्हणून आपण कायद्यात बसतो. जिंकणाऱ्याला वर्षभर रविवारच्या पोह्यांवर जास्तीची सेव, बस.

आता मुख्य गोष्ट, अफवा. यावरून आमच्यात जेवढी भांडणं झालीत तेवढी मार्कांवरून नाही झाली. एप्रिल २०२१ आठवतंय ना, दुसरी लाट, फोन वाजला की पोटात गोळा. अशात एका रात्री बातमी आली की ताई गेल्या. ताई म्हणजे आमच्या सुमित्राताई महाजन, लोकसभेच्या माजी अध्यक्षा, इंदूरच्या मराठी माणसाला पूर्ण नाव सांगायची गरज नाही. शशी थरूर साहेबांनी ट्विटरवर श्रद्धांजली वाहिली, काही चॅनलवर चाललं, कॉलनीत एकमेकांना फोन सुरू, काकू तर रडायला लागल्या, आणि ताई इथे इंदूरमध्येच चांगल्या धडधाकट! थरूरांनी मग ट्वीट काढून टाकलं. ताईंनी नंतर जे विचारलं ते मला फार आवडलं, की खात्री न करता सांगायची एवढी घाई काय होती, निदान इंदूरच्या प्रशासनाला तरी विचारायचं. नाना म्हणाले चला, अफवा उठली की आयुष्य वाढतं, ताईंची दहा वर्षं कुठे गेली नाहीत.

आणि ही घाई काही मोबाईलने आणलेली नाही बरं का. २२ मार्च १९७९ ला मोरारजी देसाईंनी, म्हणजे साक्षात पंतप्रधानांनी, लोकसभेत सांगितलं की जयप्रकाशजी गेले. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, कामकाज तहकूब, आणि जेपी तिकडे मुंबईत जसलोकमध्ये जिवंत. ते गेले ८ ऑक्टोबरला, त्यानंतर सहा महिन्यांहून जास्त काळाने. विक्रम गोखल्यांच्या वेळी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तेच, आधी बातमी पसरली, घरच्यांनी सांगितलं अहो आहेत, आणि मग २६ तारखेला पुण्यात खरंच गेले. धर्मेंद्रच्या वेळी तर कहर झाला, ११ नोव्हेंबर २०२५ ला सगळीकडे श्रद्धांजल्या, घरच्यांना सांगावं लागलं की ते उपचार घेतायत, आणि २४ तारखेला ते गेले. मधल्या दिवसांत आपल्याच श्रद्धांजल्या कोणी त्यांना वाचून दाखवल्या नसतील अशी आशा.

तर आमच्या वहीचा कायदा असा, की घरच्यांचा किंवा हॉस्पिटलचा शब्द पाहिजे आणि त्यावर चोवीस तास गेले पाहिजेत, तेव्हाच काकू पेन उघडतात. आता गंमत बघा, आम्ही यादी करणारे लोक, ज्यांना मार्क मिळणार आहेत असे लोक, चोवीस तास थांबतो. आणि जे आम्हाला विकृत म्हणतात ते फॅमिली ग्रुपवर पाच मिनिटांत हात जोडलेले इमोजी आणि भावपूर्ण श्रद्धांजली टाकून मोकळे, पहिला नंबर लागला पाहिजे. यात कोणाला मरणाची घाई झालीये ते तुम्हीच सांगा भिया.

काही नावं वहीत कधीच नव्हती. ताईंचं नाही. आणि लताबाईंचं तर कोण टाकणार? सिख मोहल्ल्यात जन्म, २८ सप्टेंबर १९२९, त्या घराच्या जागी आता कापडाचं दुकान आहे तरी पाहुणा आला की आपण त्याला तिथून नेतोच. २०२२ च्या जानेवारीत त्या हॉस्पिटलात होत्या तो सगळा महिना कोणी वहीचा विषयच काढला नाही. ६ फेब्रुवारीला गेल्या, रविवार होता, वसंत पंचमीचा दुसरा दिवस. चोवीस तास झाल्यावर काकू म्हणाल्या, मार्कांच्या पानावर नको, मी मागच्या पानावर लिहिते.

ही मागची पानं हाच वहीचा खरा ऐवज. तिथे मार्क नाहीत, वयाची अट नाही, यादीत नाव असायची गरज नाही. तारीख, नाव आणि कोणाला तरी आठवलेली एक गोष्ट, तीही मोबाईल न बघता. सर्वपित्री अमावस्येला संध्याकाळी आम्ही ती वाचतो, ज्यांचं श्राद्ध कोणी करत असेल ते करोत, आपण नाव तरी घ्यावं. जुनी नावंही मागाहून लिहिलीयत. १८ जून २००५ ला मुश्ताक अली, इथेच इंदूरला, नव्वद वर्षांचे होते. नानांनी सांगितलं १९३६ ला मँचेस्टरला ११२ मारले, परदेशात टेस्ट शतक ठोकणारा पहिला भारतीय, विजय मर्चंटबरोबर सलामीला २०३. नातू म्हणाला म्हणजे ते खरे माणूस होते? त्याला मुश्ताक अली म्हणजे टी-ट्वेंटीची ट्रॉफी एवढंच माहीत.

प्रभाष जोशींची नोंद माझी आहे. इंदूरच्या नईदुनियात लिहिते झाले, पुढे दिल्लीला जनसत्ता काढला, आणि क्रिकेटचं वेड इतकं की ५ नोव्हेंबर २००९ च्या रात्री हैदराबादची मॅच बघत होते, सचिनने १७५ मारले तरी आपण साडेतीनशेच्या पाठलागात ३ रनांनी हरलो, आणि त्याच रात्री हार्ट अटॅकने गेले. मला तरी त्या मॅचचा दुसरा काही अर्थ आठवत नाही. खाली राहत इंदौरी, ११ ऑगस्ट २०२०, सकाळी स्वतःच लिहून कळवलं की करोना निघालाय, घरी फोन करू नका, तब्येत सांगत राहीन, आणि संध्याकाळी गेले. शेन वॉर्नचंही तसलंच, ४ मार्च २०२२, रॉड मार्श गेल्याबद्दल दुःख व्यक्त केलं आणि काही तासांत हा स्वतः गेला, ५२ वर्षांचा. फिरोज खान आणि विनोद खन्ना, दोघं जिगरी दोस्त, दोघांची तारीख २७ एप्रिल, एक २००९, एक २०१७. आणि ऑगस्ट २०१८ ला तर एक पान पुरलंच नाही, करुणानिधी, नायपॉल, सोमनाथ चॅटर्जी, अजित वाडेकर, अटलजी, कोफी अन्नान, कुलदीप नय्यर, सगळे एकाच महिन्यात. त्या महिन्यात काकूंनी रिफिल बदलली.

पण माझी लाडकी नोंद शमशाद बेगमची आहे. २००४ साली काही ठिकाणी छापून आलं की त्या केव्हाच वारल्या. झालं असं होतं की सायरा बानूची आजी, तिचंही नाव शमशाद बेगम, ती वारली होती, आणि आमची गाणारी शमशाद मुंबईत लेकीकडे मजेत होती. त्या गेल्या २३ एप्रिल २०१३ ला, ९४ व्या वर्षी. उलटंही होतं बरं का, एलिझाबेथ टेलर २०११ मध्ये गेली तेव्हा न्यूयॉर्क टाइम्समध्ये तिच्यावरचा मोठा मृत्युलेख आला, आणि तो लिहिणारे मेल गसो स्वतः २००५ मध्येच गेलेले. मोठे पेपर असे लेख आधीच लिहून ठेवतात, पगारी चित्रगुप्त असतात त्यांच्याकडे. २०२० मध्ये फ्रान्सच्या एका सरकारी रेडिओने वेबसाइट बदलताना असे शंभरेक लेख चुकून सोडून दिले, त्यात इंग्लंडची राणी पण होती, पेले पण होता, आणि दोघंही तेव्हा व्यवस्थित जिवंत.

शमशादच्या नोंदीवरूनच यंदा काकूंनी नवीन पान काढलंय, ‘आहेत’ नावाचं. ज्यांना आपण केव्हाच गेले असं धरून चाललो होतो आणि आहेत, अशा लोकांसाठी. नाव सांगायचं, बाकीच्यांनी ‘काय सांगता, अजून आहेत?’ म्हटलं की नोंद पक्की. काकूंची यादी सगळ्यात लांब आहे, त्या रेडिओवाल्या पिढीतल्या. नातवाला याचे मार्क वय अधिक शंभर असे पाहिजेत, नाना म्हणतात जिवंत माणसाचे मार्क कसले, आणि सर्वपित्रीला ही नावं मुळीच वाचायची नाहीत, हे पान पाडव्याला वाचू. पाडव्याचं ठरलं. मार्कांवर अजून वाद चालू आहे, आणि जास्तीची सेव कोणाला हे त्यामुळे अडकलंय.