मोतीची जेवणातली घाई कशी कमी झाली

भांडं जमिनीला टेकायच्या आत आमच्या कुत्र्याचं, मोतीचं तोंड त्यात असायचं. कोरड्या खाण्याचे दाणे न चावता गिळायचा, मग ठसका, आणि कितीदा तरी थोड्याच वेळात सगळं जसंच्या तसं बाहेर. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला: पोट आत-बाहेर होऊन अन्न पडतं की नुसतं घरंगळत येतं? पोटाला जोर न पडता अख्खे दाणे येत असतील, तर ते पोटात पोचायच्या आधीच परत आलेले असतात. त्यांनी वजन घेतलं, शी तपासली, चालू औषधं विचारली. जंत, मधुमेह, स्टिरॉइड यांनीही कुत्र्याची भूक अशी खवळते. मोतीत तसं काही निघालं नाही.

मला खरी धास्ती पोटाला पीळ पडण्याची होती. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत, ग्रेट डेन किंवा मोतीसारख्या जर्मन शेफर्डमध्ये, पोट वायूने फुगून स्वतःभोवती फिरू शकतं. घाईने खाणं आणि दिवसाचं सगळं एकाच वेळी खाणं, दोन्हींनी धोका वाढतो. पोट टणक झालंय, ओकाऱ्या येतायत पण काही पडत नाही, लाळ गळतेय, जागेवर ठरत नाही, असं दिसलं तर क्षणाचाही उशीर न करता दवाखाना गाठायचा. ही लक्षणं मी घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवली.

मग जेवणाचे तीन भाग केले. खाचांचं भांडं, म्हणजे स्लो फीडर, आणलं. त्याच्या खाचा फार अरुंद होत्या. मोती चिडून ते उलटं करायचा, कडा चावायचा. उथळ, रुंद खाचांचं आणि बुडाला रबर असलेलं भांडं जमलं. भांड्यात मोठा चेंडू ठेवूनही चालतं, पण तो कुत्र्याच्या तोंडात मावता कामा नये. ओलं खाणं मी मफिनच्या ट्रेमध्ये खळग्याखळग्यांत थापते.

सगळ्यात जास्त उपयोग मात्र दाणे स्वच्छ फरशीवर पसरून टाकण्याचा झाला. एकेक दाणा हुंगून शोधताना त्याचं नाक कामाला लागतं आणि गिळायची घाई आपोआप ओसरते. भांड्यांपेक्षा मला हीच रीत पटते.

तरी एक गोष्ट उरली होती. आमची म्हातारी कुत्री छबी शेजारी जेवायची. तिने त्याच्या अन्नाला कधी तोंड लावलं नाही, पण ती जवळ असली की मोतीचा वेग वाढायचा. म्हणून दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून वाढायला लागले. सुरुवातीला तो मधूनच दाराकडे बघायचा. हळूहळू ते थांबलं. तो खात असताना भांड्याला कुणी हात लावायचा नाही, हेही मुलांना बजावलं.

आता ठसका क्वचितच लागतो, अन्न परत येत नाही. खाचांत अन्न चिकटून राहतं, त्यामुळे ते भांडं रोज ब्रशने घासावं लागतं.