सगळे पार्ट चांगले, तरी मशीन बसतं

भाचीने स्वतः पार्ट निवडून, स्वतः जोडून पहिला कॉम्प्युटर उभा केला आणि दुसऱ्या दिवशी फोन. "आत्या, सुरू होतो आणि बंद पडतो. पॉवर सप्लाय गेलाय का गं?"

मी विचारलं, सुरू होतो म्हणजे कुठपर्यंत? हा प्रश्न ऐकला की माणसं वैतागतात. त्यांना "अमुक बदल" असं उत्तर हवं असतं. पण नव्या मशीनच्या दुखण्यात ते कुठल्या क्षणी बसतं, याच्याइतकी कामाची माहिती दुसरी नाही. पंखे गरकन फिरून लगेच थांबले, तर शॉर्ट आहे का, सीपीयूची (मुख्य प्रोसेसरची) ८ पिनची वेगळी वायर लावलीय का, ते बघायचं. पंखे चालू पण स्क्रीन काळी, तर मदरबोर्डवर चार बारके दिवे असतील ते बघायचे: सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (विंडोजची डिस्क). जिथे दिवा अडकला तिथे गाडी अडकली. (रॅम डीडीआर५ प्रकारची असेल तर मात्र पहिल्या वेळी थांबायचं. रॅमची जुळवणी व्हायला काही मिनिटं लागू शकतात, रॅमच्या चार स्टिक, म्हणजे पट्ट्या, असतील तर जास्तच. लोक तेवढ्यात घाबरून बटण दाबतात आणि ती जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.)

हिचं मशीन यातलं काहीच करत नव्हतं. लोगो यायचा, विंडोजचं ठिपक्यांचं चक्र फिरायला लागायचं, आणि मग कधी निळी स्क्रीन, कधी थेट रीस्टार्ट. बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या, मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) मात्र ते तासभर शांत बसून राहायचं, सीपीयूचं तापमानही ठीक. म्हणजे कूलरवर शंका घ्यायचं कारण नव्हतं. पण बायोसमध्ये बाकी मशीनवर भार असा नसतोच. रॅमचा जेमतेम कोपरा वापरात असतो, ग्राफिक्स कार्ड नुसतं चित्र दाखवत असतं. विंडोज लोड व्हायला लागलं की एकदम सगळे कामाला लागतात: रॅम भरते, सीपीयूचे सगळे कोअर जागे होतात, एकेका पार्टला चालवणारे ड्रायव्हर चढतात.

निळ्या स्क्रीनचे फोटो मागवले. एकावर 'मेमरी मॅनेजमेंट', दुसऱ्यावर 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', तिसऱ्यावर भलतंच काही. दर वेळी तोच कोड आणि त्याच ड्रायव्हरचं नाव आलं असतं, तर मी सॉफ्टवेअरच्या मागे लागले असते. कोड असे बदलते असले की माझा हात आधी रॅमकडे जातो. सेफ मोडमध्येही (विंडोज अगदी गरजेपुरतं उघडतं तो मोड) तेच झालं. सेफ मोडमध्ये ग्राफिक्स कार्डचा खरा ड्रायव्हर चढतच नाही, त्यामुळे तोही संशयातून सुटला.

पॉवर सप्लायचं तिने कुठून काढलं? एकदा कसंबसं विंडोज उघडलं तेव्हा तिने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, बघितला होता, त्यात 'कर्नल-पॉवर ४१'. नावात पॉवर आहे म्हणून किती चांगले पॉवर सप्लाय लोकांनी उगाच बदलले असतील, देव जाणे. ४१ चा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद झालं नाही. का, ते त्यात नसतं.

रॅम तिने १६ जीबीच्या चार स्टिक घेतल्या होत्या, दोन-दोनचे दोन सारखे किट. बॉक्सवर वेग ६०००. बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला बॉक्सवरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू. तिला म्हटलं, आधी एक्स्पो बंद कर. विंडोज उघडलं!

बरेच जण इथेच थांबतात. पण आपल्याला कळलं काय? एवढंच, की ६००० झेपत नाही. स्टिक खराब आहे की स्लॉट, की आणखी काही, ते बाकीच होतं. मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम टाकून तिला कामाला लावलं. एक्स्पो बंद, चारही स्टिक: एकही चूक नाही. एक्स्पो चालू, चारही स्टिक: काही मिनिटांत लाल ओळींचा पाऊस. नुसतं पहिलं किट, एक्स्पो चालू: स्वच्छ. नुसतं दुसरं किट, त्याच स्लॉटमध्ये: तेही स्वच्छ. हे पूर्ण टेस्ट रात्रभर चालतात, मधेच कंटाळून चालत नाही.

"म्हणजे खराब काय आहे?" काहीच नाही.

तिचा सीपीयू रायझन ७००० मालिकेतला. एएमडीने या मालिकेसाठी दिलेला अधिकृत वेग दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला ३६०० आहे. ६००० म्हणजे ओव्हरक्लॉकच, अधिकृत वेगापेक्षा जास्त पळवणं. एक्स्पो त्याची तयार सेटिंग देतं, हमी नाही. आणि बॉक्सवरचा आकडा त्या बॉक्समधल्या दोन स्टिकपुरता. शेजारी आणखी दोन आल्या की सीपीयूमधल्या मेमरी कंट्रोलरवरचा भार वाढतो, आणि बरेचसे मदरबोर्ड आखलेलेच असतात दोन स्टिकसाठी. दोन असतील तर सीपीयूपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा असं मॅन्युअल सांगतं ते त्यामुळेच. आपल्याकडे मॅन्युअल वाचतं कोण, हा भाग वेगळा.

आता ३२ जीबी ६००० वर, की ६४ जीबी हळू? ती व्हिडिओ एडिटिंग करते, मोठ्या टाइमलाइनला रॅम कमी पडली की एसएसडीवर लिहायला लागतं. मी ६४ म्हटलं असतं. तिला गेमही खेळायचे होते, म्हणून तिने दोन स्टिक काढल्या. तिचं मशीन, तिची मर्जी.

तरीही दोन दिवसांनी पुन्हा एक निळी स्क्रीन आली, आणि ती रडकुंडीला. हे मला अपेक्षित होतं. विंडोज तिने एक्स्पो चालू असतानाच टाकलं होतं, म्हणजे प्रत्येक फाइल त्याच डळमळीत रॅममधून डिस्कवर गेलेली. विंडोजच्या फाइल तपासणारी 'एसएफसी स्कॅननाऊ' ही कमांड चालवली तर तिने खराब फाइल सापडल्याचं सांगितलं, काही दुरुस्त केल्या, काही जमल्या नाहीत. डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायला लावलं. फोटो आणि प्रोजेक्ट जुन्या लॅपटॉपवरून पुन्हा कॉपी करायला सांगितले, नव्या मशीनवरच्या प्रतींवर विसंबायचं नाही म्हणून. त्यावर तिने बरीच कुरकुर केली, पण केलं.