वारा मांगून रेटते

"मंग येतानी लवकर येईन न पोट्टा?" आजीनं विचारलं. मला उत्तरच सुचलं नाही.

भाऊ काल मुंबईहून लंडनला निघाला. मोबाईलवर इवलंसं विमान सरकत होतं आणि आजी त्यावर बोट ठेवून बसलेली. कापूस वेचून बोटाला बोंडाचे ओरखडे.

मी सांगितलं, सरळ रेषेत साधारण ७,२०० किलोमीटर, जायला दहाएक तास. येताना थोडे कमी, कारण तिथं उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, तो विमानाला मागून रेटतो.

तिनं तेवढंच धरलं.

नागपूर तर एसटीनं चार तास. तिथं नोकरीला होता तेव्हाही भाऊ पोळ्यालाच यायचा.

आज सकाळपासून ती घड्याळातून साडेपाच तास वजा करतेय. "अजून निजलाच असन न तो?"