तुम्ही विचारलंत म्हणून : यंदा कोणाकडे बघायचं?

ऑक्टोबरचा पंधरवडा उलटला की इथे अमेरिकेत, आमच्या छोट्या कॉलेजच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या प्रॅक्टिसचे दिवे लागतात आणि तुमचे फोन सुरू होतात. "काय मग, यंदा कोणाकडे बघायचं?" विचारणारे ठरलेले आहेत. केमिस्ट्रीचे निवृत्त प्राध्यापक, पोस्टातला माणूस, मंडळाच्या दिवाळीत चकलीचा तुकडा मोडता मोडता हटकणारे दोघंतिघं, आणि नागपूरहून धाकटा भाऊ. त्याचं म्हणणं, "दादा, फक्त पाच नावं सांग." आम्ही दोघं शिवाजीनगरच्या कोर्टवर वाढलेले, त्यामुळे हा प्रश्न विचारायचा त्याला जन्मसिद्ध हक्क आहे असं तो समजतो.

मी दर वेळी "टीम नवी आहे, बघू" म्हणून वेळ मारून नेतो. मग दुसरा प्रश्न येतो. पूर्वी तर छापून द्यायचास, आता काय झालं? सहा वर्षं हे टाळतोय. आज एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या ऑक्टोबरात हाच कागद पुढे करता येईल.

मी काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. दिवसा कॉलेजच्या अकाउंट्स ऑफिसात, आणि सामन्याच्या संध्याकाळी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून स्कोअररच्या टेबलावर. घरच्या सामन्यांना जो प्रोग्रॅम वाटतात त्याचं मधलं अर्धं पान आठ वर्षं माझं होतं. पाच नावं. तीन आमची, दोन कॉन्फरन्समधल्या, म्हणजे आमच्या साखळीतल्या, बाकीच्या कॉलेजांची. प्रत्येकाला दोन-तीन ओळी. एवढंच.

ते पान चांगलं असायचं, हेही सांगून ठेवतो. उगाच नम्रतेचा आव कशाला? नुसते पॉइंट बघून मी नाव घातलं नाही. तुम्ही लोक पहिल्यांदा सरासरीच विचारता, 'किती मारतो?' अहो, ग्रिनेल कॉलेजची टीम आमच्याकडे येते तेव्हा काय होतं ते एकदा माझ्या शेजारी बसून बघा. मिनिटभर व्हायच्या आत पाचच्या पाच पोरं बदलतात, पूर्ण कोर्टभर प्रेस, म्हणजे समोरच्याला जागोजागी अंगावर जाऊन अडवणं, आणि चेंडू हातात आला की थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटांचा नेम. माझ्या वहीच्या रकान्यांना दम लागतो. अशा टीममधले वीस पॉइंट आणि सावकाश खेळणाऱ्या टीममधले बारा, यांत कुठले जड ते सरासरी सांगत नाही. मी बघायचो तो दुसऱ्या वर्षाचा मुलगा, ज्याला पहिल्या वर्षी सहा मिनिटं मिळायची आणि आता चोवीस मिळणार. पहिल्या वर्षी या पोरांना अंगापेक्षा डोळ्यांचं काम जास्त पडतं, खेळ वेगात दिसायला लागायलाच वेळ जातो. दुसऱ्या वर्षी तो अचानक सोपा होतो, किंवा कधीच होत नाही. बचावात तोंडानं बोलणारा मुलगा मी बघायचो. रिबाउंडला, म्हणजे नेम हुकून चेंडू परत उसळतो तेव्हा, चेंडूकडे बघायच्या आधी मागच्याला अंगानं अडवणारा बघायचो.

तरीही आमच्या या डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या तिसऱ्या पायरीवर, आधी नाव घेणं म्हणजे पावसाळ्याआधी पाऊस मोजणं. २० नोव्हेंबर २०१२. ग्रिनेलच्या जॅक टेलरनं एका सामन्यात १३८ पॉइंट केले. १०८ वेळा बास्केटकडे चेंडू फेकला, त्यातल्या ७१ थ्री. त्याआधी सीझनच्या सुरुवातीला त्याचा नेम बसत नव्हता. माझ्या त्या वर्षीच्या पानावर तो होता का? नव्हता. आणि त्याच रात्री समोरच्या टीमच्या डेव्हिड लार्सननं ७० केले, ४४ पैकी ३४ नेम लावून, आणि ते हरले १७९–१०४ असे. माझ्या मते त्या रात्री बघण्यासारखा खेळाडू लार्सन होता. त्याचं नाव आज कोणी घेतं का?

डंकन रॉबिन्सन घ्या. विल्यम्स कॉलेजात पहिल्याच वर्षी, २०१४ साली, आमच्या डिव्हिजनची फायनल विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून ७५–७३ अशी अगदी शेवटच्या क्षणी हरला. तिथून वरच्या डिव्हिजनमधल्या मिशिगन विद्यापीठात गेला, एनबीएच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात तेव्हा) कोणी घेतला नाही, आणि २०२० साली मायामीकडून त्याच एनबीएची फायनल खेळला. तुम्ही मला त्याचंच नाव दर वेळी ऐकवता. "असा कोणी आहे का आपल्याकडे?" नाही. जवळपास कुठेच नसतो. चारशेच्या वर कॉलेजं आहेत या डिव्हिजनमध्ये, खेळासाठी एक पैशाची स्कॉलरशिप नाही. ही पोरं सकाळी सहाला वजनं उचलतात आणि नऊला ऑर्गॅनिक केमिस्ट्रीला बसतात. कॅल्टेक या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यापीठाच्या पोरांनी तर १९८५ पासून कॉन्फरन्समधले ३१० सामने ओळीनं हरले, आणि २२ फेब्रुवारी २०११ ला ऑक्सिडेंटल कॉलेजला ४६–४५ असं एका पॉइंटनं हरवलं. त्या पंचवीसेक वर्षांत तिथे 'यंदा कोणाकडे बघायचं' असं कोणी विचारलं असेल का, हा मला खरंच पडलेला प्रश्न आहे. आणि 'छोटी कॉलेजं' म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी : नेस्मिथनं १८९१ साली जिथे पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ काढला, ते स्प्रिंगफील्ड कॉलेजही आज आमच्याच डिव्हिजनमध्ये आहे.

हे सगळं खरं आहे, आणि मी पान बंद करायचं कारण यातलं एकही नाही. बायको म्हणते, मुद्द्यावर यायला तुम्हाला नेहमीच दोन टाइमआउट लागतात.

त्याला चोवीस नंबर म्हणतो. आम्ही टेबलावरची माणसं सगळ्यांना नंबरानंच ओळखतो. तेव्हा नंबरातला एकही आकडा पाचाच्या वर नसायचा, कारण रेफरीला तो एका हाताच्या बोटांनी दाखवायचा असे. आता नव्याण्णवपर्यंत काहीही चालतं. चोवीस नंबर दुसऱ्या वर्षाला माझ्या पानावर होता, आणि मी लिहिलं तसाच खेळला. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी मी रिकाम्या जिममध्ये घड्याळ आणि बझर तपासत होतो. तो आला. टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "या वर्षी त्या पानावर मला घालू नका."

"का रे?"

"दुसऱ्या कोणाला तरी द्या."

आता इथे माझं लहानपण आड आलं. आमच्या आजोळी पंगतीत वाढणाऱ्यानं 'नको' ऐकायचंच नसायचं. पाहुण्यानं पानावर आडवा हात धरला तर हाताखालून जिलेबी सरकवायची. जो एका 'नको'वर थांबला त्याला वाढता येत नाही, असा आजीचा हिशोब. मीही तसाच वाढलो, आणि इथे येऊन वीस वर्षं झाली तरी कानात तो 'नको' तसाच बसलेला. घरी येऊन मी बायकोला कौतुकानं सांगितलं, पोरगा गुणी आहे, स्वतःचं नाव नको म्हणाला. आणि त्याचं नाव पहिलं घातलं. दोन ओळींच्या जागी चार. शेवटची ओळ मला अजून पाठ आहे, पण इथे लिहीत नाही.

मला माहीत नव्हतं ते असं. त्याचा विषय भूगर्भशास्त्र. दुसऱ्या टर्मला चिलीला जायचा फॉर्म त्यानं भरून ठेवला होता. आमचा सीझन दोन्ही टर्मांवर पसरलेला, त्यामुळे बास्केटबॉलवाल्याला असं मधेच परदेशी जाता येत नाही. जायचं तर टीम सोडायची. तो त्याच आठवड्यात कोचला सांगणार होता. माझ्याकडे आला तो आधी सोपं काम उरकावं म्हणून.

पान छापून आलं. त्याचे वडील याच जिममध्ये खेळलेले, ऐंशीच्या दशकात. त्यांनी पहिल्याच सामन्याला दहा प्रोग्रॅम उचलले. मी टेबलावरून बघितलं, आणि मला बरं वाटलं. हेही लिहायलाच हवं. मला फार बरं वाटलं.

जानेवारीचा चौथा आठवडा, घरचा सामना, दुसऱ्या हाफची अकरा मिनिटं बेचाळीस सेकंद शिल्लक. रिबाउंडला उडाला, चेंडू घेतला, खाली आला. आजूबाजूला कोणी नव्हतं. डावा गुडघा. आवाज मला ऐकू आला असं मी बरीच वर्षं सांगत होतो. आता वाटतं, बुटाचा चर्रर्र आवाज ऐकला असेन, बाकीचा मीच नंतर घातला. जिममध्ये अडीचशे माणसं असतील. पॉपकॉर्नच्या मशीनची घरघर तेवढी चालू होती. बेंचवरून बारा नंबर माझ्यासमोर येऊन गुडघ्यावर बसला, बदली म्हणून नोंद करून घ्यायला, आणि मी नोंद केली. माझ्या वहीत फाउलला खूण आहे, टाइमआउटला आहे, हुकलेल्या फ्री थ्रोला रिकामं वर्तुळ आहे. दुखापतीला खूण नाही. चोवीस नंबरच्या ओळीत सात पॉइंट, दोन फाउल, आणि पुढे कोरं. नंतर ती वही कोणी उघडली तर त्याला वाटेल, कोचनं बसवलं असेल.

एप्रिलमध्ये तो फीच्या कसल्याशा कागदासाठी माझ्या खिडकीशी आला. पायाला पट्टा. चिलीचं तेव्हा कळलं, त्याच्याच तोंडून, अगदी सहज. "पान आलं, बाबांनी फ्रिजवर लावलं. मग कोचला सांगायचं राहूनच गेलं." माझा चेहरा बघून तोच हसला. "गुडघा काही प्रोग्रॅम वाचत नाही," म्हणाला. मी त्याच्या कागदावर शिक्का मारला. 'मला माफ कर' एवढं म्हणायला इंग्रजी काही फार लागत नाही. मी म्हणालो नाही.

आता तुमच्यातले जे वकिली करतात त्यांचं मी आधीच म्हणून टाकतो. वीस-एकवीस वर्षांचा घोडा, त्याला तोंड होतं. वडील होते, कोच होता. गुडघा चिलीच्या डोंगरातही जाऊ शकला असता. प्रोग्रॅममधल्या अर्ध्या पानानं कोणाचं आयुष्य वळत असेल तर मी आतापर्यंत केवढा मोठा लेखक झालो असतो. बायकोनं मला हेच ऐकवलं, "अहो, तुमच्या पानाला एवढं महत्त्व तुम्ही सोडून कोणी देत नाही." मला पटलं. मग दोन दिवसांनी कणीक मळता मळता तीच म्हणाली, "पण तो नको म्हणाला होता ना?"

पान बंद केलं. कोणी विचारलं तर 'वेळ मिळत नाही' म्हणालो.

अडचण अशी की पान लिहिणारा तो जुना मी मेलेला नाही. गेल्या महिन्यात कपाटातून आठही प्रोग्रॅम काढले आणि वाचत बसलो. तो माणूस माझ्यापेक्षा उत्साही आहे आणि त्याचं म्हणणं खोडता येत नाही. तो म्हणतो, या पोरांना टीव्ही नाही, स्कॉलरशिप नाही, समोर दोन-अडीचशे माणसं, त्यातली निम्मी नात्यातली. चार वर्षं घाम गाळून यांच्या हाती छापील असं काय लागतं? तुझ्या दोन ओळी. त्याही तू स्वतःचं मन खातं म्हणून बंद केल्यास, म्हणजे एकाचा हिशोब बाकीच्यांकडून वसूल केलास. एका सेंटरच्या आईनं ते पान लॅमिनेट करून घेतलं होतं, तेही तो मला आठवण करून देतो. मी त्याला सांगतो, आईनं लॅमिनेट केलं, त्या सेंटरला काय वाटलं ते आपण विचारलं होतं का? यावर तो गप्प बसतो, पण हरल्यासारखा दिसत नाही.

असो. तुम्हाला नावं हवी होती. नावं नाहीत, पण येऊन बसणारच असाल तर सांगतो. आमचा दुसऱ्या वर्षाचा डावखुरा गार्ड, त्याला चेंडू नसताना बघा. हल्ली चांगलं खेळलं की वरच्या डिव्हिजनचे फोन येतात, एप्रिलमध्ये लिहिलेली यादी ऑगस्टमध्ये शिळी होते, तेव्हा तो आहे तोवर बघून घ्या. हाफनंतरची पहिली चार मिनिटं चुकवू नका. त्या वेळेला तुम्ही सगळे कॉफीच्या रांगेत असता. चौथ्या वर्षाचा एक लांबडा बेंचच्या टोकाला बसतो. खेळेल फार तर साठ-सत्तर मिनिटं सबंध सीझनमध्ये. पण टाइमआउटला कोचच्या आधी तो कोणाशी बोलतो ते बघा.

आणि एक. क्रीडा विभागानं यंदा पुन्हा पान मागितलंय. मी पेन्सिलीनं चार नावं काढली आणि या वेळी एकेकाला जाऊन विचारलं. पहिले तिघं लगेच हो म्हणाले, एकानं तर फोटो कुठला देऊ विचारलं. चौथा म्हणजे तोच डावखुरा. टॉवेलनं मान पुसत हसला आणि म्हणाला, "तशी काही गरज नाहीये हो."

मी तिथेच थांबून परत विचारलं. त्यानं खांदे उडवले, पुन्हा हसला, आणि शूटिंगला गेला.

पान शुक्रवारी छापायला जायचंय. तीन नावं शाईनं लिहून झालीत.